पुढचा पत्ता उत्तरातच

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेले निवृत्त पोस्टमन शेजारच्या दीर-भावजयीचं बोलणं ऐकताना ठणका पार विसरले. रक्ततपासणीच्या ॲपचा सर्व्हर दिराकडे, फोनवरचा भाग वहिनीकडे.

“वहिनी, सोमवारी ‘तपासणी रद्द करा’चा सर्व्हरवरचा पत्ता बदलतोय.”

“म्हणजे वीस हजार फोनांवरचं बटण मेलं. जुना पत्ता ॲपमध्ये कोरलेला आहे.”

“नवं ॲप काढा.”

“आणि दर वेळी तेच करू? भाऊजी, नोंदणी झाली की तुमचा सर्व्हर ॲपला उत्तर देतो ना, त्यातच पुढच्या लिंका पाठवा. रद्द कुठं करायचं, तारीख कुठं बदलायची, ते ॲप तिथूनच वाचेल.”

“उत्तर फुगेल.”

“फुगू दे. रक्त घेऊन झालं की रद्दची लिंक पाठवू नका, बटण दिसणारच नाही. तुमचे नियम मी कशाला पाठ करू?”

“मग नंतर कितीही पत्ते बदलले तरी काही मोडणार नाही, हे खरं. पण या लिंका वाचणारं नवं ॲप सगळ्यांकडे पोचेपर्यंत?”

पोस्टमनना राहवेना. “तोवर जुन्या पत्त्यावर आलेलं नव्या दारी न्यायचं. एका बिऱ्हाडानं सतरा घरं बदलली, पत्र शेवटी नातवाच्या हातात दिलं मी.”

“ऐकलंत, भाऊजी?”

“ऐकलं. जुना पत्ताही चालू ठेवतो.”

“कुठवर?”

“नातवापर्यंत नाही जमणार. सहा महिने.”