मावसभाऊ

अमेरिकेच्या व्हिसाआधी मनिलात डॉक्टरांची तपासणी होते. त्या दवाखान्यात मी छातीच्या एक्सरेसाठी ताटकळत होतो. मागच्या बाकावर एक जोडपं कुजबुजत होतं. कुजबुज कसली, अर्धी खोली ऐकत होती!

"गार्डला मी तुझा मावसभाऊ म्हणून सांगितलंस?"

"मग काय नवरा म्हणून सांगू? आईनं तिकडून अर्ज केलाय तो बिनलग्नाच्या मुलीसाठी. लग्न कळलं की व्हिसा गेलाच."

"अख्ख्या गावानं आपल्या लग्नात भाजलेलं डुक्कर खाल्लंय, लिगाया."

"गाव इथं येत नाही. हळू बोल."

"अंगठी कुठाय?"

"पर्समध्ये. एक्सरेला दागिने चालत नाहीत."

"बोटावर वळसुद्धा उरला नाही. कधीपासून काढलीयस?"

"झालं तुझं सुरू! तिकडं जम बसला की येईन, तुझ्याशी पुन्हा लग्न करीन, मग तुलाही नेईन."

"आणि नाही आलीस तर? मी कुणाला सांगू, ही माझी बायको म्हणून?"

"संशयाचं भूत शिरलंय तुझ्या डोक्यात."

"मिस लिगाया माकासाएत!" नर्सनं हाक मारली. "पर्स भावाकडे द्या आणि आत या."

"माझ्याजवळच राहू दे ना."

"आत चालत नाही, मिस."

ती आत गेली. मागे चेन उघडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. किल्ल्या, नाणी, कंगवा, एकेक वस्तू बाकावर पडत गेली; अंगठी काही निघाली नाही.

"काही हरवलं का हो?" दारातल्या गार्डनं विचारलं.

"नाही, नाही. बहिणीची पर्स आहे. सहज आवरत होतो."