वारं बघून धरलेलं बारसं

मी काकतीची, लगीन होऊन कडोलीला आले त्याला तीस वर्सं झाली. भात, जोंधळा, दोन म्हशी, आणि पहिल्यापासनं एक वही. लिहून ठेवल्याबिगर मला कुठलं काम गोड लागत न्हाय. मालक म्हणतात, तू वर गेल्यावर यमाला बी यादी दावशील. दावीन की, म्हणते मी.

तर त्या वहीत वाऱ्याचं पान कसं आलं ते सांगते. आमची शुभा बेळगावात नर्सिंग शिकली आणि तिथंच तिनं दिगंबर जमवला. मासळी घेऊन बाजाराला यायचा, मालवणच्या बाजूला समुद्राकाठी त्याचं गाव. आता काय सांगू तुम्हाला, लगीन झाल्यावर पहिल्याच सुगीत मी मोबाईलवर त्यांच्या गावच्या हवेचा अंदाज बघितला आणि विहीणबाईंना फोन लावला, म्हटलं, आज लई झकास वारं हाय तुमच्याकडं, जावयांना लौकर समुद्रावर धाडा! आमच्याकडं वारं सुटलं की बायका सुपं घेऊन खळ्यावर पळतात भात उफणायला, फोलपट उडतंय, दाणा खाली पडतोय, वारं म्हंजे सोनं. विहीणबाई हसून हसून खोकायला लागल्या. अगो विहीणबाय, असो वारो सुटलो काय आमची होडी काठार! त्या दिवसापासनं वहीत रोज तीन गोष्टी: मोबाईल काय म्हणतोय, विहीणबाई काय म्हणतात, आणि खरं काय झालं.

मग शुभा बाळंतपणाला आली आणि पंधरा दिस आधीच मोकळी झाली. मुलगी. दिगंबर तवा समुद्रात, लेकीचं तोंड त्यानं मोबाईलवरच बघितलं. बाराव्या दिवशी बारसं, आणि नाव ठेवणारी आत्या बी त्याच्याबरोबरच यायची. तो म्हणाला, मामी, वारं सुटलं तर होडी बंद, मी आलोच, पण शांत असलं तर हेच मासळीचे दिवस, माझ्याबिगर होडीवरच्या बाकीच्या दोघांना जाता येत न्हाय. शुभा भिंतीकडं तोंड करून निजली. तवा मला कळलं, की ही पोरगी त्याची वाट बघतीय, आणि बघत न्हाय असं दावतीय.

रोज वहीत लिहायचे, शांत, शांत, शांत. अकराव्या दिवशी बी शांत. मग मीच जावयांना फोन केला, तुम्ही समुद्रावर जावा, बारसं थांबवते. आमच्या नणंदबाई, आक्का, लई भडकल्या. अगं, पोरीचं नाव वाऱ्यावर सोडलंस व्हय? म्हटलं, व्हय, वाऱ्यावरच.

पुढच्या आठवड्यात मोबाईल म्हणाला वारं शुक्रवारी. विहीणबाई म्हणाल्या, बुधवारी, पाण्याचा रंग फिरलाय. मी मागची पानं उलटली. जिथं जिथं दोघांचं पटलं न्हवतं तिथं बहुतेक वेळा विहीणबाईच खऱ्या. धरलं गुरुवारचं बारसं, गावभर बोलावणं दिलं. मालक म्हणाले, आणि वारं न्हाय आलं तर? म्हटलं, तर आक्का मला उफणतील.

बुधवारी दुपारी फोन वाजला. होडी वर ओढली, मामी, निघतोय.

गुरुवारी तेच वारं आमच्याकडं बी आलं. मांडवाचं कापड शेजारच्या आंब्यावर, आक्का खांबाला मिठी मारून शिव्या देतायत, आणि बोलावलेल्या चार बाया पेढा तोंडात टाकून खळ्याकडं पळाल्या. आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, मीरा. दिगंबर कशाकडं बघतच न्हवता. लेकीला मांडीवर घेऊन बसलेला, शुभा शेजारी, आणि आता तिचं तोंड भिंतीकडं न्हवतं.

मीरा आता दोन वर्सांची हाय, समुद्राकाठी वाळूत लोळते. माझी वही चालूच हाय. आज सकाळपासनं बघा, वारं सुटलंय, सूप तयार हाय. पण आधी विहीणबाईंना फोन. वर आली का होडी? आली म्हणाल्या की मगच मी खळ्यावर जाते. देवानं वारं भरपूर द्यावं, फक्त होडी काठाला लागल्यावर द्यावं, एवढंच मागणं. चला, उठते मी, वारं पडलं म्हंजे उफणणी पुन्हा उद्यावर जाईल.