संशयास्पद लोखंडी रॉड

नाव ओळखपत्रात आहे तेच, पण बाजारात सगळे 'लेथवाले' म्हणतात. वय ५४ वर्षे, धंदा लेथ मशीनवर टर्निंगचे काम, राहणार दुकानाच्या माळ्यावर. विमानतळ पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझी मुलगी भूगर्भशास्त्र शिकते. आज सकाळी १०.४० च्या विमानाने ती वर्गासोबत परदेशातल्या सहयोगी विद्यापीठात अभ्यासदौऱ्यावर निघाली आहे. आमच्या घरातून विमानात बसणारी ती पहिलीच.

८.५० वाजता तपासणीत तिच्या हातातल्या पिशवीत सापडलेला रॉड म्हणजे नदीकाठच्या गाळाचा थरांसकट नमुना काढायची नळी आहे. ती मी बनवली. तोंड केसभर अरुंद ठेवले आहे, त्यामुळे वर सरकताना माती घासत नाही, थर मोडत नाहीत. सात नळ्या वाया गेल्या, आठवी जमली. तिथल्या प्राध्यापिकाबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहून हीच आणायला सांगितली. मी मागेच उभा होतो. भाषा कळली नाही, पण त्यांनी नळी पुन्हा दाखवायला लावली एवढे कळले. त्या दिवशी दुकान लवकर बंद केले.

मुलीने नळी मोठ्या बॅगेत नीट भरली होती. विमानतळावर मोठे सामान आपटतात असे मी ऐकले होते. धारेला खोच पडली तर परक्या लोकांत पोरीची शोभा होईल, म्हणून ती आंघोळीला गेल्यावर मी गुपचूप नळी हातातल्या पिशवीत सरकवली. ही अक्कल माझीच. मला हवे तेवढे बसवून ठेवा, तिला जाऊ द्या.

साहेबांच्या सांगण्यावरून चौकीबाहेरच्या वाफ्यात नळी दाबून दाखवली. वर काळी, मध्ये रेताड, खाली तांबडी, अशी माती अखंड निघाली. हवालदार म्हणाले, "पुन्हा काढा बरं." पुन्हा काढली.

सही झाली की नळी सामानात जाईल आणि मुलीला सोडू, असे साहेब म्हणाले. तेव्हा ९.३५ झाले होते. सामान घेणे ९.४० ला बंद होते.

जबाब वाचून दाखवल्यावर मी पेन उचलले, तर मुलीने हात धरला. म्हणाली, "बाबा, थांबा. साहेब, वर 'संशयास्पद लोखंडी रॉड' लिहिलंय ते आधी खोडा. स्टेनलेसची नळी आहे ती. माझ्या बाबांनी केलीये."

खोडून दुरुस्ती केली. आता अक्षरन् अक्षर बरोबर आहे. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.