मधमाशीच्या जिभेवरचे केस

नवरा : अगं, पण एवढ्या मोठ्या सत्कारात मधमाश्यांचं काय सांगत बसणार होतो? हसले असते लोक.

बायको : हसू देत की! मी जन्मभर हसवतेच आहे. पण तू माईकवर म्हणालास, ‘एका सकाळी दाढी करताना सुचलं.’ मी समोरच बसले होते रे. टाळ्यासुद्धा वाजवल्या, हात आपोआप हलले.

नवरा : बोलण्याच्या ओघात निघून गेलं.

बायको : दाढी तू करत होतास, सुचलं मला. माझी लंगडी माशी घट्ट पाकाच्या थेंबाशी बसली होती. मी भिंगातून बघत होते. जिभेवरचे इवले इवले केस फुलत होते आणि तो चिकट पाक मुकाट वर चढत होता. मी घरभर ओरडत सुटले, ‘अरे, पंपाशिवाय चढतोय!’

नवरा : आठवतंय. अर्ध्या दाढीनिशी आलो होतो बघायला.

बायको : मग?

नवरा : रक्त तपासायची नळी मी बनवली ना पण? एवढ्याशा नळीत तसे केस उभे करायचे, थेंबभर रक्त पंपाशिवाय पुढे न्यायचं. ते तुझ्या लंगडीला जमलं असतं?

बायको : छे! म्हणून तर मी सगळीकडे ‘आमची नळी’ म्हणत आले.

नवरा : उद्याच कळवतो त्यांना. तुझं नाव राहून गेलं म्हणतो.

बायको : राहून नाही गेलं. निवड समितीतल्या बाई जेवताना भेटल्या. म्हणाल्या, ‘अर्जात तुमचं नाव होतं, यांनीच काढायला लावलं. म्हणाले, बायकोला मधमाश्यांचा नाद आहे, तिचं मन राखायला घातलं होतं.’

(नवरा सत्काराची शाल घडी करू लागतो.)

बायको : खोटं आहे म्हण. मी विश्वास ठेवीन.

नवरा : तुला रोज काहीतरी सुचतं गं. मी आपला तुझं सुचलेलं जोडत बसतो. एकदा तरी वाटलं, काहीतरी नुसतं माझं असावं.

बायको : मागितलं असतंस तर दिलं असतं रे. सगळंच.

(ती गॅलरीतल्या मधमाश्यांच्या पेटीचं तोंड जाळीने बंद करते.)

नवरा : हे काय? पेटी कुठे चाललीय?

बायको : ताईकडे. तिची गच्ची मोठी आहे. सगळ्या परतल्यात आत.

नवरा : आणि तू?

बायको : त्यांना नव्या जागी एकटं कसं सोडू?

नवरा : थांब, जड आहे ती. एका बाजूने मी धरतो.

बायको : नको. तू नुसतं दार उघड.