पाटी मी काढली

हं, उद्या. ऐकलं, सर. उशी नीट आहे का विचारलं, तर उद्या. सिस्टरनी दुखतंय का विचारलं, उद्या. सकाळी वहिनींनी विचारलं, मी कोण ते सांगा बघू — त्यांनाही उद्या. अर्धांगाच्या झटक्यात माणसाचे सगळे शब्द जातात आणि एखादाच मागे राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाचा देव राहतो. तुमचा बरोब्बर तोच राहिला. रजेचा अर्ज? उद्या बघू. खोलीतला पंखा बंद आहे, सर? उद्या बघू. तेवीस वर्षं विभागप्रमुख म्हणून तोच चालवलात, तर तोच उरणार, नाही का? हसू नका. म्हणजे हसा, अर्ध्या तोंडानं का होईना, गालाला व्यायाम होतो.

द्या डावा हात. उजवा राहू दे, तो सध्या आपलं ऐकत नाही. मी बोटानं ठेका धरते, तुम्ही चालीवर म्हणायचं — पा, टी. मी. का, ढ, ली. बोलता येत नाही त्याला गाता येतं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आणि शब्द पुरवायचा नाही, मनात दहा मोजायचे, हेही तुमचंच. मोजतेय मी. ...आठ, नऊ. बरं, राहू दे. उद्या नका म्हणू आता, कळलं मला.

तुम्ही विचाराल, तीन आठवडे हेच एक वाक्य का? पाणी नाही, संडास नाही, बायकोचं नाव नाही. वहिनी परवा पदर धरून विचारत होत्या — अहो, निदान माझं नाव घेतील का? मी म्हटलं वेळ लागेल. खोटं बोलले. तुमच्या मेंदूत अजून पुष्कळ जागा आहे, सर, नाव आठवड्यात बसलं असतं. पण मी तुम्हाला मागून घेतलं ते नावासाठी नाही. हो, मागून घेतलं. दुसरी मुलगी होती तयार, चांगली हुशार. मी म्हटलं, सर माझे, मी बघते. सगळ्यांना वाटलं काय ही गुरुभक्ती.

हे बघा, हा कागद दिसतोय? फिरत्या स्पीच थेरपिस्टचं काम. तेरा आठवडे एका गावात, मग बॅग उचलायची, पुढचं गाव. एजन्सीची बाई पाच वाजता फोन करणार आहे, सही केली का म्हणून. उद्या सकाळी सातची गाडी आहे. आई म्हणते या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठे निघालीस? पण मला आवडलं, खरं सांगते. भाड्याची खोली, एक शेगडी, एक खुर्ची. तेरा आठवड्यांत कुणी कुणाचं मागचं काढत नाही. काढायच्या आत आपण गेलेलो असतो. इथे जेवणाच्या टेबलावर मी येऊन बसले की गप्पा थांबतात, तसं तिथे होणार नाही. तुम्ही फिरत्यांना सर्कस म्हणायचात. आणि मला टकळी. टकळीला सर्कशीत पाठवायला हवं — हे तुमचं वाक्य, सगळा विभाग हसला होता. मीपण हसले होते. काय करणार?

तर विचार चाललाय. इथे तुम्हाला बोलतं करणारं दुसरं कुणी उरणार नाही, ती हुशार मुलगीही मागच्या सोमवारी सोडून गेली. नवीन माणूस यायला तीन महिने. आणि पहिले तीन महिनेच कामाचे, पुढे मेंदू हट्टी होतो — कोण सांगायचं हे? तुम्हीच. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, पाच वाजायच्या आत सरांनी ते वाक्य म्हटलं, तर कागद फाडायचा आणि थांबायचं. नाही म्हटलं, तर सही.

डोळे मिटू नका. माहितीये तुम्हाला कुठली पाटी. तुमच्या उशाशी आता लावलीय ना, 'पातळ पाणी देऊ नये', तश्शीच, माझ्याच अक्षरात. आठ वर्षांपूर्वी अकरा नंबरच्या खाटेवर होती. ते म्हातारे शिंपी, गिळता यायचं नाही त्यांना, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करूनच द्यायचं. त्या दिवशी मोठे पाहुणे यायचे होते वॉर्ड बघायला, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं पाटी उतरवलीत. अजागळ दिसतंय म्हणालात. दुपारी वॉर्डातल्या मावशींनी साधं पाणी पाजलं, ते फुप्फुसात गेलं, आठव्या दिवशी माणूस गेला. चौकशीला बसले तिघं जण. मी म्हटलं, पाटी लावली होती. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही फाइल चाळत बसलात. बाहेर व्हरांड्यात मी तुमच्यापुढे हात जोडले — सर, सांगा ना त्यांना. तर म्हणालात, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद, पाटी मी लावलीच नव्हती म्हणून वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. सात वर्षं तळघरात लोकांच्या कानाला यंत्र लावून बसले, ऐकू आलं की बोट वर करा, ऐकू आलं की बोट वर करा. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कुठे मला वर आणलं. मला कसं कळलं पाटी कुणी काढली? अहो, दारातून बघितलं मी. डोळ्यांनी. म्हटलं पाहुणे गेले की परत लावू. मग चहा आला, आणि मग — ते जाऊ दे. ते तुमच्या वाक्यात नाही.

हात द्या. पाच मिनिटं आहेत. पा, टी... पाणी देते नंतर, घट्ट करून. आधी म्हणा. काय? कुठे बोट दाखवताय? उशाशी? हो, पाटी. पाटीचं काय?

काय म्हणालात?

परत म्हणा. मी ठेका धरत नाही, शब्द पुरवत नाही. दहा मोजते. ...'मी'. 'मी' म्हणालात. पाटीकडे बोट, मग स्वतःच्या छातीवर. चालीशिवाय, आपल्या मनानं. रडू नका, सर, तोंड पुसते, थांबा.

मला वाटलं होतं बरं वाटेल. आठ वर्षं मला वाटत होतं की हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. पण इथे ऐकायला कोण आहे? मी, आणि हा सलाइनचा खांब. तिघांपुढे म्हणायचं होतं ते. हे असं मला एकटीला कशाला दिलंत? मला तर ठाऊकच होतं.

पेन कुठे गेलं माझं? हं. कागद फाडायचा ठरला होता, माहितीये. सरका जरा, तुमच्याच टेबलावर करते सही. झाली.

या वहिनी, या. नाही हो, रडतायत कुठे, डोळ्यातून पाणी येतंच या आजारात. आज छान बोलले, 'मी' म्हणाले. हो ना, किती दिवसांनी. आता तुम्ही बसा, ठेका मी दाखवते तसा धरा, तुमचं नावही बसेल त्यावर. दहा मोजा, शब्द पुरवू नका. पाणी पाटीवर लिहिलंय तसंच. माझा फोन वाजतोय, निघते.

बाही सोडा, सर. सोडा म्हणते ना. वहिनी, यांची बोटं सोडवा जरा. मला सगळं कळतंय, बघू आपण ते.

उद्या बघू, सर.