मालनबाईंनी निवडलेला ढोल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय रंभाजीराव, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिका वृषाली मॅडम, आजच्या सत्कारमूर्ती मालनबाई, त्यांचे यजमान छगनराव, माझे सहकारी शिक्षक, पालक बंधुभगिनी आणि विद्यार्थिनींनो,

पी.टी.चा मास्तर माईकसमोर उभा राहिला की लोक आपोआप सावधान होतात. म्हणून आधीच सांगतो, विश्राम. आरामात बसा.

आज निवृत्त होणाऱ्या मालनबाई आपल्या शाळेत बत्तीस वर्षं शिपाई होत्या. देवळाली प्रवरातल्या निम्म्या घरांतल्या लेकी त्यांच्या घंटेवर शिकल्या. त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मला मात्र आज एक कबुली द्यायची आहे. गेल्या डिसेंबरात आपला बँड जिल्ह्यात पहिला आला. पेपरात माझा फोटो आला, सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल मी थंडीत अजून वापरतो. पण ते यश खरं कुणाचं, हे मी आजवर कुठंही बोललो नाही.

आदल्या वर्षाची आठवण कुणाला नको असते, तरी काढतो. नगरच्या मैदानावर आपल्या मुली संचलन करत होत्या आणि शेवटच्या दोन रांगांचे पाय भलतीकडेच पडत होते. का पडणार नाहीत? आपला जुना बेस ड्रम, ज्याला मुली मोठा ढोल म्हणतात, त्याचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, ठिगळ लावून चालवलेलं. ठोका मागं पोचतच नव्हता. आपण खालून दुसरे आलो. अध्यक्ष महोदयांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं की पुढच्या वर्षी नंबर आला नाही तर बँड बंद, तो तास गणिताला. अध्यक्ष महोदय, मी तक्रार करत नाही, नुसता इतिहास सांगतोय. पण त्या दिवशी चोवीस मुली सराव न करताच पांगल्या होत्या, आणि मोठा ढोल वाजवणारी ज्योती डबा न उघडताच घरी गेली होती.

मग नवा ढोल घ्यायचं ठरलं. ज्योतीला नगरला न्यायचं तर सोबत बाईमाणूस हवं. मॅडमना सराव परीक्षा होती, म्हणून मालनबाई आल्या. दुकानात मी एकेक ढोल ठोकून पाहायला लागलो. मी मूळचा खर्ड्याचा, हलगी ऐकत वाढलो. तेव्हा वाद्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज. मी निवडला तो सगळ्यात मोठा, पान चांगलं ताणलेला. वाजवला की दुकानाच्या काचा थरथरायच्या. दुकानदार खूश, मीही खूश.

मालनबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ज्योतीला रस्त्यावर येऊन वाजवू द्या. एवढं बोलून त्या तरातरा चालत निघाल्या, चौक ओलांडला आणि पार पेट्रोल पंपापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मधे रिक्षा, टेम्पो, हॉर्न. लोक बघायला लागले. खोटं कशाला बोलू, मला लाजच वाटत होती. ज्योतीनं एकामागून एक पाच ढोल वाजवले. मालनबाई परत आल्या आणि मला म्हणाल्या,

“सर, तुमचा ह्यो ढोल हितं कानाला लई लागतोय, पर तिथं नुसता खडखडतोय. तो तिसरा घ्या. तो छातीत बसतोय.”

तिसरा ढोल तोंडानं लहान, पण पोटानं खोल होता. ज्योतीला पेलवतही होता. मी मुकाट घेतला.

इथं गोष्ट संपली असती, पण मी शिक्षक आहे. शाळेत आल्यावर मला त्याचं पान ढिलं वाटायला लागलं. आमच्याकडं हलगी जाळावर धरून तापवतात. पान कडक झालं की मगच ती बोलायला लागते. मी चावी घेतली आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट पार आवळून टाकले. स्पर्धा चार दिवसांवर आलेली. सरावाला ज्योतीनं काठी मारली आणि ढोल पत्र्याच्या डब्यासारखा टणटणला, वर त्याचा गुणगुणाट थांबेना. मागच्या रांगा पुन्हा चुकल्या. आणि मी काय केलं? मुलींवर ओरडलो. ज्योती रडायला लागली. ते आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

मालनबाई घंटेपाशी होत्या. तिथून मैदान ओलांडून आल्या. सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत, मला बाजूला बोलावलं. ढोल आवळला का, एवढंच विचारलं. मी मान हलवली.

“ही हलगी न्हाई, सर,” त्या म्हणाल्या. “ह्याला जरा मोकळं सोडा.”

वार्षिक परीक्षेत पेपर लिहिणाऱ्या मुली दचकू नयेत म्हणून मालनबाई घंटेच्या हातोडीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. आवाज पोचायचा, पण रेंगाळायचा नाही. इतकी वर्षं मी ती घंटा ऐकली आणि माझ्या डोक्यात कधी काही आलं नाही. त्यांनी बोल्ट सैल करून घेतले आणि लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी पानाच्या आतून ताणून बसवायला लावली. ज्योतीनं डोळे पुसून एक ठोका दिला. धम्म. भरीव, आणि लगेच शांत. शेवटच्या रांगेतल्या मुली न सांगता पाय उचलायला लागल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी मी सांगणार, कारण असा दिवस काही रोज येत नाही. नगरच्या त्याच मैदानावर अठ्ठेचाळीस पाय एकदम पडत होते. पलीकडच्या टोकाला बसलेले परीक्षक उठून उभे राहिले. पहिला क्रमांक म्हणून देवळाली प्रवराचं नाव पुकारलं, तेव्हा ज्योतीनं ढोल गळ्यातून न काढताच उड्या मारल्या. मालनबाई त्या वेळी मुलींसाठी पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्या होत्या. फोटोवाला आला. मी त्यांच्यासाठी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मालनबाई, म्हणून आज भर सभेत सांगतो, बँड वाचला तो तुमच्यामुळं आणि तो पहिला नंबर तुमचा आहे.

आता शेवटचं. आपल्या शाळेत मुख्याध्यापक निवृत्त झाले की बँड त्यांना घरापर्यंत पोचवतो, शिक्षकांना फाटकापर्यंत. शिपायाला आजवर कधी पोचवलेलं नाही. काल मी परवानगी मागायला अध्यक्ष महोदयांकडे गेलो. ते म्हणाले, “विचारता काय? मीही चालणार आहे.”

आपण मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. मालनबाई, छगनराव, उठा आता. ज्योती ढोल अडकवून फाटकात उभी आहे. भर बाजारपेठेतून थेट तुमच्या उंबऱ्यापर्यंत आज शाळेचा बँड तुमच्यापुढं चालणार आहे.