सगळी सातवी पिएर

(भुसावळ. शाळेचं ऑफिस. फ्रान्सहून आलेल्या पाहुण्याची गाडी आत्ताच फाटकाबाहेर गेली आहे. आत संस्थेचे अध्यक्ष भिकमचंद शेठ आणि फ्रेंच-स्पॅनिश शिकवणाऱ्या सुलक्षणा मॅडम. शिपाई हिलाल चहा आणायला गेला आहे.)

भिकमचंद : ...आणि मुलींचंही नाव पिएर? मॅडम, मला फ्रेंच येत नाही, पण कान तर आहेत ना! पहिला पोरगा म्हणाला पिएर, मी म्हटलं ठीक आहे. दुसरा पिएर. मग ती दोन वेण्यांची पोरगी उठली, तीही पिएर! सगळी सातवी पिएर?

सुलक्षणा : हो. आणि सगळी सहावी कार्लोस. स्पॅनिशच्या गाईडमध्ये कार्लोस आहे.

भिकमचंद : तो भूपेंद्र काय म्हणाला? त्याच्यावर तर पाहुणा हसायलाच लागला.

सुलक्षणा : म्हणाला, माझे वडील माद्रिदला डॉक्टर आहेत. वडील समोरच बसले होते, रेल्वेच्या ड्यूटीवरून थेट आलेले. टाळ्या वाजवत होते बिचारे.

भिकमचंद : हसताय काय? नाक कापलं माझं! माझ्या केळीच्या कोल्ड स्टोरेजची मशीन बसवायला माणूस एवढ्या लांबून आला. मी हौसेनं म्हटलं, चला साहेब, आमची पोरं तुमची भाषा बोलतात...

सुलक्षणा : हसत नाहीये, शेठजी. रडायचं राहिलंय म्हणून दात दिसतायत. पाठ करून घ्या, असं कोण म्हणालं होतं?

भिकमचंद : मी एवढंच म्हटलं, पाहुण्यांपुढं अडखळायला नको.

सुलक्षणा : 'गाईडमध्ये आहे तसंच्या तसं घोटून घ्या, एक शब्द इकडचा तिकडं नको.' याच खुर्चीत बसून म्हणालात. मी हात जोडले की पोरांना आपापलं नाव-गाव सांगू द्या, चुकली तर चुकू द्या. तर म्हणे, चुकायला शाळा काढली नाही मी! गाईडमधला पिएर लियाँला राहतो. मग आपली पोरंही लियाँला राहायला गेली.

भिकमचंद : अहो, पण नाव तरी बदलायचं! एवढी साधी अक्कल...

सुलक्षणा : एक शब्द इकडचा तिकडं नको होता ना तुम्हाला!

भिकमचंद : देखो मॅडम, वाद नको. माझं ठरलं. जूनपासून दोन्ही भाषा बंद. संस्कृत लावू. मार्क तरी पडतात, पालकही खूश.

सुलक्षणा : बंद? आत्ता कुठं पोरं तोंड उघडायला लागली, आणि बंद? आणि स्पॅनिशचं तर मला सांगूच नका. माहितीपत्रकात फ्रेंचपुढं 'व स्पॅनिश' छापून मोकळे झालात. मला विचारलं होतंत?

भिकमचंद : त्यात विचारायचं काय, भई? केळीवाला पपई विकतोच की.

सुलक्षणा : विकतो. पिकवायला सांगून बघा एकदा! बोदवडहून येताना रोज गाडीत मोबाईलवर स्पॅनिश शिकते मी, पोरांच्या एक धडा पुढं. शेजारच्या बायका सरकून बसतात. त्यांना वाटतं, हिला काहीतरी लागलंय.

हिलाल : चहा लई उनू, शेठजी.

भिकमचंद : ठेव, हिलाल. आणि आमच्या विधीला गाडीत बसव. म्हणावं, दादाजी येतातच.

हिलाल : तेच सांगाले उनू. बठ्ठी पोरे घर गयात. विधीताई फाटकजोडे उभी शे. गाडी उनी, पन बसत नही. म्हनस, दादाजी मॅडमसंगे बोलतस, तवलोंग मी थांबसू.

भिकमचंद : बघा! याला म्हणतात नात! एवढ्या पोरांत ती एकटी पिएर नाही म्हणाली. मी बघत होतो ना. पाहुण्यानं कप खाली ठेवला, तिच्यापुढं वाकला, काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं. मग डोक्यावर हात ठेवून मला म्हणाला, 'ब्रेव्ह गर्ल'! काय बोलली हो ती?

सुलक्षणा : चहा घ्या. गार होईल.

भिकमचंद : चहा कुठं पळतोय? सांगा तर. तेच फ्लेक्सवर टाकू! पाहुण्याचा फोटो, विधीचा फोटो, वर तिचं फ्रेंच, खाली मराठी. पालक बघतील, मग वर्ग बंद करायचं कारणच नाही. तुमच्या दोन्ही भाषा चालू. आता तर झालं?

सुलक्षणा : अहो देवा! शेठजी, दुसरं काहीही टाका फ्लेक्सवर. केळीचा घड टाका.

भिकमचंद : का? चुकलं का तिचं?

सुलक्षणा : एक चूक नाही. या शाळेत इतकं स्वच्छ फ्रेंच अजून कुणी बोललं नाही.

भिकमचंद : मग घोडं अडलं कुठं?

सुलक्षणा : मला आत्ता खोटं सांगता येईल. 'माझी शाळा सुंदर आहे, माझे दादाजी थोर आहेत.' तुम्ही फ्लेक्स लावाल, माझी नोकरी टिकेल. जिभेवर आलंही होतं, खरं सांगते.

भिकमचंद : मॅडम, तुम्ही घाबरवताय मला.

सुलक्षणा : तिनं मला मघाशी सांगून ठेवलंय, 'मॅडम, दादाजींनी विचारलं तर सांगा, आपणहून नको.' तुम्ही विचारलंत. तर ऐका. म्हणाली, माझं नाव विधी. मी भुसावळला दादाजींकडं राहते. माझी आई धुळ्याला राहते. धुळं बसनं तीन तासांवर आहे. मी जात नाही.

भिकमचंद : एवढंच म्हणाली?

सुलक्षणा : पाहुण्यानं विचारलं, का नाही जात? म्हणाली, आमच्या घरात तिचं नाव काढायचं नसतं.

भिकमचंद : हे... हे तुम्ही शिकवलंत तिला?

सुलक्षणा : शब्द मी शिकवले. कुठं राहता, कशानं जाता, किती वेळ लागतो. धड्यात पिएर सुट्टीत आजोळी जातो, त्यातलेच शब्द. वाक्यं तिची आहेत. झालं सांगून. करा आता वर्ग बंद.

भिकमचंद : वर्गाचं कोण विचारतंय आत्ता! सूनबाई माहेरी निघून गेली, तेव्हा मीच म्हटलं होतं, आजपासून या घरात ज्योतीचं नाव नको. अखिल माझा एकुलता मुलगा, तो पार खचला होता हो. आणि पोर कधी एका शब्दानं बोलली नाही. वर्ष होत आलं. मी बायकोला, धापूला, म्हणायचो, बघ, विसरली. पोरं लवकर विसरतात.

सुलक्षणा : विसरली नव्हती हो! तुमच्या घरात मारवाडी कळतं, मराठी कळतं, हिंदी कळतं. त्या सगळ्यांत ती गप्प बसली. तुम्हाला न कळणारी एक भाषा हाताला लागली, तर पहिलं हेच बोलली.

भिकमचंद : आणि मी तिथं उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

सुलक्षणा : हो.

भिकमचंद : त्या रेल्वेवाल्यासारखा.

सुलक्षणा : त्यांचा पोरगा निदान घरी जाऊन हसेल तरी.

हिलाल : शेठजी, कप लई जाऊ का? अरे, चहा तं तसाच शे! विधीताई इचारस, दादाजी चिडनात का?

भिकमचंद : नाही म्हणावं. येतोय सांग तिला. मॅडम, ते... 'जा, आईला भेटून ये', हे फ्रेंचमध्ये कसं म्हणतात? एकदा म्हणून दाखवा. पाठ करतो मी.

सुलक्षणा : आता तुम्ही तरी पाठ करू नका, शेठजी. मारवाडीतच सांगा.